उंबरावरून उतरल्यावर

(वाचन : लूककृत शुभवर्तमान, अध्याय १९, वचने १ ते १०)



जक्कयाची गोष्ट आपल्या मंडळीतील लहानशा पोराला विचारली तरी तो ती घडाघडा सांगेल. ठेंगणा मनुष्य, पुढे माणसांची दाटी, आणि वाटेवरचे उंबराचे झाड. पोरे ही गोष्ट ऐकून हसतात, आणि हसण्याजोगेच ते चित्र आहे. यरीहोचे ते झाड आपल्याकडील उंबराचाच भाऊबंद. त्याच्या फांद्या खालपासून पसरलेल्या असतात, म्हणून त्यावर चढणे अवघड नाही. अवघड होते ते निराळेच. जक्कय हा जकातदारांचा मुख्य होता. त्या काळी जकातीचा मक्ता देत असत. मक्तेदाराने ठरलेली रक्कम सरकारात भरावी, आणि नाक्यावर येणाऱ्या जाणाऱ्यांकडून त्याहून अधिक निघेल ते आपल्या घरी न्यावे. यरीहो हे तर रहदारीच्या वाटेवरील संपन्न नगर. असा धनवान मनुष्य भर रस्त्यात धावत सुटतो आणि लोकांदेखत झाडावर चढतो! आपल्या तालुक्याच्या बाजारात एखादा सावकार जोडे हातात घेऊन असा झाडावर चढेल काय? येशूला पाहण्याची इच्छा पुष्कळांस होती. त्यासाठी आपला मान खाली ठेवण्यास त्या दिवशी हा एकच तयार झाला.

जक्कय या नावाचा अर्थ शुद्ध, निर्दोष असा आहे. आईबापांनी मोठ्या आशेने ते नाव ठेविले असेल. नाक्यावर ज्यांचे पैसे बुडाले ते लोक हे नाव उच्चारताना कसे हसत असतील, याची कल्पना करा. आपल्यापैकी पुष्कळांनी, किंवा आपल्या वाडवडिलांनी, बाप्तिस्म्याच्या वेळी नवी नावे घेतली. कोणी योहान झाला, कोणी मार्था झाली. गावचा दुकानदार आपल्याला त्या नावाने हाक मारितो, तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल? त्याच्या उधारीच्या वहीत ते नाव कसे लिहिलेले आहे?

आता गोष्टीतील क्रम नीट पाहा, कारण पुष्कळ उपदेशक येथे चुकतात. प्रभूने जक्कयाला आधी असे म्हटले नाही की, तू लोकांचे पैसे परत कर, मग मी तुझ्या घरी येईन. त्याने वर पाहून त्याला नावाने हाक मारिली, आणि आज तुझ्याच घरी मला उतरायचे आहे असे सांगितले. कृपा आधी आली. जक्कयाने पैसे देऊन क्षमा विकत घेतली असे जो शिकवितो, तो शुभवर्तमानाचाच नाका करून त्यावर जकात बसवितो. परंतु कृपा घरात आल्यावर त्या घरातील पेटी बंद राहिली नाही, हेही तितकेच खरे.

जक्कय उठून उभा राहिला आणि त्याने दोन गोष्टी कबूल केल्या : अर्धे धन दरिद्र्यांस, आणि ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट. नियमशास्त्रात (गणना, अध्याय ५) असे आहे की, मनुष्याने आपले पाप कबूल करावे, घेतलेले पुरते भरून द्यावे, आणि त्यात पाचवा हिस्सा घालावा. चौपटीचा दंड मेंढरू चोरून ते कापणाऱ्यास किंवा विकणाऱ्यास होता (निर्गम, अध्याय २२). दावीद राजाने नाथानाच्या दृष्टांतातील धनवानाला हाच दंड सांगितला होता, आणि मग तो मनुष्य आपणच आहोत हे त्याला कळले. जक्कयाला नाथानाची गरज पडली नाही. पाचव्या हिश्श्याने भागले असते तेथे त्याने मेंढरूचोराचा दंड स्वतःला लावून घेतला. थोडा हिशेब करा. निम्मे धन आधीच गेले. उरलेल्या निम्म्यातून चौपट द्यावयाची. म्हणजे त्याच्या संपत्तीचा आठवा हिस्सा जरी लबाडीचा निघाला, तरी त्याच्या हाती एक दमडी उरणार नव्हती. जन्मभर हिशेबात मुरलेल्या माणसाला हे कळत नव्हते काय?

आपल्याकडे पश्चात्ताप पुष्कळदा उपासनेच्या घरातच आरंभ पावतो आणि तेथेच संपतो. आपण डोळे मिटतो, गुडघे टेकितो, कधी रडतोही. ते अश्रू खोटे असतात असे आम्ही म्हणत नाही. परंतु शेजाऱ्याचा बांध दरसाल एक तास कोरून ज्याने हातभर जमीन आपल्याकडे ओढली, तो पापी आहो असे देवापुढे म्हणून घरी येतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच बांधावरून नांगर फिरवितो, तेव्हा त्या शेजाऱ्याने आपल्या प्रार्थनेविषयी काय समजावे? प्रभूने डोंगरावर शिकविताना सांगितले की, वेदीपाशी आल्यावर भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे (मत्तय, अध्याय ५). अर्पण थांबू शकते. भाऊ थांबलेला असतो.

येथे आमच्याच एका अपराधाविषयी लिहिणे भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका लहान गावी उपदेशकाचे काम करीत होतो. कापणीच्या सणाला सर्वांनी धान्य आणिले. एका विधवेने ओंजळभर बाजरी आणिली. आम्ही सर्वांदेखत म्हटले, "बाई, देवाला देताना तुमचा हात दरसाल आखडतो." ती काही बोलली नाही. पुढे आम्हांस कळले की तिच्या शेजारचे एक घर, जे आपल्या मंडळीतलेही नव्हते, त्या हंगामात दुखण्याने अंथरुणाला खिळले होते, आणि तिची बाजरी त्या घरच्या चुलीवर शिजत होती.

आम्ही देवाजवळ क्षमा मागितली, आणि आमच्या मनाला हलके वाटले. इतके हलके वाटले की तिच्याकडे जाण्याची निकड राहिली नाही! दोन महिने गेले. अखेर एके संध्याकाळी, रस्त्यावर कोणी नाही असे पाहून, आम्ही तिच्या दारी गेलो. ती अंगणात सूप घेऊन धान्य पाखडीत होती. आम्ही म्हटले, "बाई, त्या दिवशी आमची चूक झाली. क्षमा करा."

तिने सूप खाली ठेविले, घोंगडी अंथरली, आणि म्हणाली, "बसा, गुरुजी. मी तर तवाच मनातून सोडून दिलं." मग थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "पण गुरुजी, बोललात ते समद्या लोकांम्होरं, आणि आज आलात ते एकलेच."

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. जक्कय लोकांदेखत उभा राहून बोलला होता, आणि तेही तो पापी आहे अशी कुरकुर चालू असताना. आम्ही मात्र रस्ता रिकामा होण्याची वाट पाहिली होती. पुढच्या रविवारी उपदेशाच्या आधी आम्ही मंडळीपुढे ती गोष्ट सांगितली. आवाज नीट निघत नव्हता. मागे कोणी कुजबुजले, कोणी हसलेही असेल. उपदेशकाचा मान गेला असे एका वडील बंधूंनी नंतर आम्हांस सांगितले, आणि ते अगदी चुकीचे होते असे नाही. परंतु त्याच आठवड्यात दोघे भाऊ, जे विहिरीच्या पाण्यावरून कित्येक दिवस एकमेकांशी बोलत नव्हते, आमच्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, जरा आमच्या मळ्यावर चला, पाळ्या ठरवायच्या आहेत."

येत्या प्रभुभोजनापूर्वी उपदेशक बंधूंनी हा अध्याय मंडळीत वाचावा. ज्याला कोणाच्या दारी जावयाचे असेल त्याने पुढल्या रविवारची वाट पाहू नये. आणि तो परतून आला म्हणजे इतरांनी यरीहोच्या लोकांप्रमाणे दाराबाहेर कुरकुर करीत उभे राहू नये; सतरंजीवर थोडे सरकून त्याला जागा द्यावी.