नाण्यावरचा चेहरा

ग्रीक नगरांनी चांदीची नाणी पाडायला घेतली, त्यानंतर जिवंत राजाचा चेहरा नाण्यावर उघडपणे यायला सुमारे अडीचशे वर्षं गेली. एजिना बेटाच्या नाण्यावर कासव होतं, अथेन्सच्या नाण्यावर अथेना देवी आणि मागे तिचं घुबड. नाणं नगराचं, म्हणून चिन्हही नगराचंच. तिथे स्वतःचं तोंड उमटवणं म्हणजे अख्ख्या नगराच्या जागी स्वतःला बसवणं. सिराक्यूजचा पहिला डायोनिशियस सर्वसत्ताधीश होता, पण त्यानेही ते धाडस केलं नाही.

अथेन्सची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. लाव्रियनच्या खाणींतल्या चांदीची, सुमारे 17 ग्रॅम वजनाची ही नाणी दूरदूरच्या बाजारांत चालत. पार्थेनॉनची शिल्पं घडत होती त्या काळातही नाण्यावरची अथेना जुन्याच घाटाची राहिली: चेहरा बाजूने, डोळा मात्र समोरून पाहिल्यासारखा बदामी. कोरणाऱ्यांना नवं जमत नव्हतं, असं नाही. पण परमुलखातल्या व्यापाऱ्याला ओळखीचं नाणं हवं होतं आणि अथेन्सने कलेपेक्षा ती ओळख जपली.

सिराक्यूजने उलटी वाट धरली. ग्रीक नाणेकलेचं शिखर मला तिथेच दिसतं. इ.स.पू. 405 च्या सुमाराचं, किमोन या कोरणाऱ्याचं नाणं पाहा. तीन सेंटिमीटरही रुंदी नाही आणि त्यात झऱ्याची देवता अरेथुसा थेट आपल्याकडे पाहते आहे. केस पाण्यासारखे चहूकडे पसरलेले, बटांमधून डॉल्फिन सुळकन जाताहेत. हे सगळं धातूच्या ठशात उलटं आणि खोल कोरायचं, ठसा ऐरणीत बसवायचा, त्यावर चांदीची चकती ठेवायची आणि वरून दुसरा ठसा धरून घण घालायचा. समोरून कोरलेल्या चेहऱ्याचं नाक सगळ्यात उंच, त्यामुळे हातोहाती फिरताना तेच आधी झिजणार. व्यवहाराच्या दृष्टीने ही रचना चुकीचीच होती, तरी किमोनने ती केली आणि देवीच्या कपाळपट्टीवर बारीक अक्षरांत स्वतःचं नाव कोरलं. त्याच नगरीत युआयनेटोसही सही करत होता. राजाचा चेहरा नाण्यावर येण्याआधी कारागिराचं नाव आलं, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्या कारागिराचं नाव मिरवावं असं एका नगराला वाटलं, तेही रोजच्या देवघेवीतल्या वस्तूवर!

मग मॅसिडोनियाचे राजे आले. अलेक्झांडरच्या नाण्यांवर सिंहाचं कातडं पांघरलेला हेराक्लिस आहे. त्यात अलेक्झांडरच दिसतो असं पुष्कळांना वाटतं; पण हाच हेराक्लिस त्याच्या आधीच्या मॅसिडोनियन राजांच्या नाण्यांवरही आहे. पहिली पायरी त्याच्या मृत्यूनंतर ओलांडली गेली. इजिप्तमध्ये त्याचा सेनानी टॉलेमी याने आधी दिवंगत अलेक्झांडरचा चेहरा घातला आणि इ.स.पू. 305 च्या सुमारास राजेपद घेतल्यावर स्वतःचा: पुढे आलेली हनुवटी, खोल डोळे. त्या राजाच्या कानामागे डेल्टा हे एकच इवलं अक्षर आहे. ती कोरणाऱ्याची खूण असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. कपाळपट्टीवरचं अख्खं नाव शंभर वर्षांत कानाआडच्या एका अक्षरावर आलं होतं.

राजमुखाची ही प्रथा पूर्वेला बॅक्ट्रियात पोहोचली, तेव्हा तिला विलक्षण खरेपणा आला. म्हातारपणाने सैलावलेला युथिडेमस, रुंद टोपीखाली किंचित हसणारा अँटिमॅकस. हे चेहरे कोरणाऱ्यांची नावं मात्र नाण्यांवर नाहीत. तिथून हिंदुस्थानात आलेल्या यवन, म्हणजे ग्रीक, राजांपैकी कित्येकांचं अस्तित्वच आपल्याला केवळ नाण्यांमुळे ठाऊक आहे. मिनँडर आणि अपोलोडोटस यांची जुनी नाणी पुढे भडोचच्या बाजारात चालत होती, असं ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत नोंदलेलं आहे.

त्याच घाटावर क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप नहपानाने चांदीची नाणी पाडली. एका बाजूला त्याचा चेहरा, भोवती अक्षरं ग्रीक, भाषा प्राकृत. नाशिकजवळ जोगलटेंभीला 1906 साली तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसे मारलेले आहेत. काही नाण्यांवर नव्या ठशाखालून नहपानाचं नाक, कुठे ओठ अजून डोकावतात. नहपानाला हरवून त्याची चांदी वितळवणं शक्य होतं. पण त्याच्या तोंडावरच टेकडी आणि उज्जैनचं चिन्ह उमटवलेलं लोकांच्या हाती पडावं, हा संदेश अधिक जळजळीत होता. त्या ठशांत गौतमीपुत्राचा स्वतःचा चेहरा नाही.

सातवाहन त्या भूमिकेवर टिकले नाहीत. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्याच्या स्तूपात नंतरचा सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याचं चांदीचं नाणं मिळालं. त्यावर राजाचा चेहरा आहे. क्षत्रपांच्या चांदीशी बाजारात टक्कर घ्यायची, तर राजमुख हवंच हे त्या घराण्यालाही मान्य करावं लागलं होतं.