चित्रफितीतली मैत्री

मित्राबरोबर धंदा करावा की करू नये, हा वाद आपल्याकडे जुना आहे. मैत्रीत व्यवहार आणू नये, असे काही वडीलधारी मंडळी बजावतात. तर भागीदार घ्यायचाच असेल तर मित्रासारखा दुसरा नाही, असे इतर काही सांगतात. आजवर या वादात एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली असे. दोघांच्या मध्ये एखादे दुकान, एखादी पिठाची गिरणी, एखादी होडी असे; व्यवहार त्या वस्तूचा होई आणि मैत्री त्याच्या बाजूला उभी असे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत असा एक उद्योग उभा राहिला आहे, ज्यात विकायची वस्तूच मुळी मैत्री आहे. त्याविषयी आम्ही येथे थोडा विचार करणार आहोत.

दोन मित्र शेजारी बसून व्हिडिओ गेम खेळतात. पडद्यावरील खेळ आणि दोघांचे बोलणे एकाच वेळी मुद्रित होते आणि ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, यूट्यूबवर प्रसिद्ध होते. दुसऱ्याचा खेळ कोण पाहत बसणार, असे हा प्रकार न पाहिलेल्याला वाटते. पण गावातील कॅरमबोर्डाची आठवण करावी. खेळणारे चार आणि भोवती उभे असलेले दहा, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. ते दहा जण काही केवळ सोंगटी कोणत्या भोकात जाते हे पाहण्यासाठी उभे नसतात. टोमणे, चिडवाचिडवी, हरलेल्याची सबब, जिंकलेल्याची फुशारकी, यांसाठी ते तेथे असतात. या कार्यक्रमांचा प्रेक्षकही त्याच जातीचा आहे.

इंग्लंडमध्ये लुईस ब्रिंडली आणि सायमन लेन या दोघांनी 2008 मध्ये 'योग्सकास्ट' सुरू केले. कॅनडातील माँट्रियल शहरात मॅट कोवालेव्स्की आणि पॅट बोइव्हिन यांनी 2010 च्या सुमारास 'टू बेस्ट फ्रेंड्स प्ले' नावाची मालिका काढली. अमेरिकेत ॲरिन हॅन्सन आणि जॉन जफारी यांचे 'गेम ग्रम्प्स' जुलै 2012 मध्ये सुरू झाले. माँट्रियलच्या मालिकेचे नावच पाहा: दोन जिवलग मित्र खेळत आहेत. खेळ कोणता, हे नावात नाही. विक्रीला काय आहे ते पाटीवर प्रामाणिकपणे लिहिलेले होते.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रातील दहापैकी दोन प्रकरणे मैत्रीला दिली आहेत. सेमिनरीत ती वाचताना आम्हां विद्यार्थ्यांचे लक्ष उपयोगाची, सुखाची आणि सद्गुणाची अशा मैत्रीच्या तीन प्रकारांवरच खिळत असे. परीक्षेत तेच विचारले जाई. परंतु त्या विवेचनाच्या अखेरीस एक साधे निरीक्षण आहे. माणसाला आयुष्यात जे सर्वांत प्रिय असते, ते त्याला मित्राच्या संगतीत करावेसे वाटते. म्हणून कोणी एकत्र मद्यपान करतात, कोणी एकत्र फासे खेळतात, कोणी व्यायाम किंवा शिकार, तर कोणी तत्त्वचिंतन करतात. फासे खेळणारे त्या यादीत आहेत, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. तेव्हा, दोन तरुण तासन् तास खेळत बसतात एवढ्यावरून त्यांची मैत्री उथळ ठरवण्याची घाई कोणी करू नये.

आता प्रश्न असा की, फासे खेळताना समोर कॅमेरा ठेवला तर काय बदलते?

पहिली गोष्ट बदलते ती वेळेची. मित्र सवडीने भेटतात; कार्यक्रमाला सवड ठाऊक नसते. आठवड्याला दोन भाग ठरले की ताप असो, घरी लग्नकार्य असो, दोन भाग द्यावेच लागतात. म्हणून एकाच बैठकीत चार-सहा भाग मुद्रित करून ठेवण्याची पद्धत पडली आहे. पुढे आवाज आणि चित्र यांचा मेळ घालणे, कंटाळवाणे तुकडे कापणे, लक्ष वेधील असे मुखचित्र बनवणे, शीर्षक शोधणे, ही कामे असतात. अर्ध्या तासाच्या गप्पांमागे कित्येक तासांचे संकलन असते आणि बहुधा ते दोघांपैकी एकाच्याच वाट्याला येते. पडद्यावर दोघे सारखेच हसतात. रात्री जागणारा एक असतो. 2018 पासून नव्या वाहिनीला जाहिरातींतील वाटा हवा असेल तर एक हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तासांचे पाहणे जमवावे लागते. म्हणजे दीर्घकाळ ही उमेदवारी बिनपगारीच असते आणि जेथे पगार नाही तेथे कुरबूर आधी पोहोचते.

पण याहून अवघड बदल दुसरा आहे. समजा, दोघांत सकाळीच खटका उडाला आहे आणि संध्याकाळी मुद्रण आहे. दोघे बसतात, हसतात, एकमेकांची थट्टा करतात. ही फसवणूक झाली काय? नाटकातला दाखला येथे पुरत नाही. रामाची भूमिका करणारा नट राम नव्हे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते; त्या जाणिवेवरच नाटक उभे असते. येथे तर 'हे नाटक नव्हे' हेच आश्वासन आहे. तरीही प्रत्येक अशा संध्याकाळीला आम्ही असत्य म्हणणार नाही. भांडण झालेले नवराबायको पाहुण्यांसमोर नीट बोलतात, त्यांना आपण ढोंगी म्हणत नाही. तो शिष्टाचार होय, आणि पुष्कळदा त्या शिष्टाचारातूनच समेटाची वाट निघते. परंतु पाहुणे रोज येऊ लागले, पाहुण्यांच्या येण्यावरच घर चालू लागले, आणि पाहुणे गेल्यावर दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले, तर? कुठल्या तरी दिवशी शिष्टाचार संपून असत्य सुरू झालेले असते. तो दिवस कोणता, हे बाहेरच्याला सांगता येत नाही. त्या दोघांना मात्र ठाऊक असतो.

माँट्रियलच्या मित्रांचे असेच काहीसे झाले. डिसेंबर 2018 मध्ये त्यांनी कार्यक्रम थांबवला. दोघांत पूर्वीची मैत्री उरलेली नाही, हेही प्रेक्षकांना कळले. पुष्कळांना ते जवळच्या घरातील काडीमोडासारखे लागले. आमच्या मते मात्र थांबण्याचा तो निर्णयच त्या पाटीवरील नावाशी प्रामाणिक होता. नाव तेच ठेवून आणखी चार वर्षे हसत राहता आले असते.

प्रेक्षकाच्या दुःखाची आम्ही थट्टा करीत नाही. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकन अभ्यासकांनी 1956 मध्येच, दूरचित्रवाणी नवी असताना, पडद्यावरील व्यक्तीशी प्रेक्षकाचा जो एकतर्फी स्नेह जुळतो त्याचे वर्णन करून ठेवले आहे. एकटा राहणारा, रात्रपाळी करणारा, आजारी असलेला असा कितीतरी प्रेक्षक या दोन आवाजांच्या सोबतीने जेवतो. त्याला सत्य मिळण्याचा हक्क आहे. पण गुपित मिळण्याचा नाही. 'आम्ही थांबत आहोत' एवढे त्याला देणे आहे. का, कोणी कोणाला काय म्हटले, पैसे कसे वाटले, हे देणे नाही. हा भेद आज प्रेक्षकही विसरला आहे आणि करणारेही विसरले आहेत.

आमच्या परिचयाचे दोन तरुण मराठीतून असा कार्यक्रम करतात. एकजण नोकरी सांभाळून करतो, दुसऱ्याने नोकरी सोडली आहे. सल्ला विचारायला आले तेव्हा आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, वाटणी कागदावर लिहा आणि संकलनाचे तास त्यात धरा. लेखी करार म्हणजे अविश्वास, हा आपला समज चुकीचा आहे. मित्रावर मनात हिशेब मांडत राहण्यापेक्षा तो कागदावर मांडलेला बरा. हे दोघांनी ऐकले. दुसरी गोष्ट, आठवड्यातून एक संध्याकाळ मुद्रण न करता खेळा. यावर धाकटा पटकन म्हणाला, "पण फादर, त्या वेळी काही भारी झालं तर ते फुकट जाईल ना!"

त्या वाक्यावर आम्ही अजून विचार करीत आहोत. मुद्रित न झालेले हसू वाया गेले असे वाटू लागणे, हा या उद्योगाचा खरा धोका असावा. पैसा त्यामानाने ओळखीचा शत्रू आहे. मित्राचा विनोद ऐकताना कानाच्या एका कोपऱ्यात 'हा कुठे वापरता येईल' असा विचार चालू असेल, तर ऐकणारा मित्र राहिला की निर्माता झाला? थोरला मात्र गप्प होता. थोड्या वेळाने तो एवढेच म्हणाला, "शुक्रवारी ये. माइक आणू नकोस."

याच्या उलटही घडते, हे न सांगणे अन्यायाचे होईल. जॉन जफारीने जून 2013 मध्ये 'गेम ग्रम्प्स' सोडले आणि लगेचच त्याच्या जागी डॅन अविदान हा गायक येऊन बसला. ॲरिनशी त्याची काही लहानपणापासूनची मैत्री नव्हती. प्रेक्षक खवळले, मित्र का असा बदलता येतो, सुटा भाग आहे काय, असा त्यांचा रोख होता आणि तो रास्तही होता. सोबत मीठ खाल्ल्यावाचून माणूस कळत नाही, ही म्हण ॲरिस्टॉटलच्या काळीही जुनीच होती. ही दोन माणसे त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, एकमेकांशेजारी बसून बोलत आली आहेत. आरंभीच्या भागांत डॅन जपून बोलतो, ॲरिनही त्याला सांभाळून घेतो. पुढच्या भागांत दोघे मधूनच गप्प होतात, खेळ तसाच चालू राहतो आणि ती शांतता कोणी कापून टाकीत नाही.