मागणाऱ्याचे श्रेय

कलाकृतीचे श्रेय कर्त्याचे, याविषयी दुमत नाही. परंतु ज्याने ती मागितली, तिच्यासाठी द्रव्य आणि अवसर दिला, पण स्वतः एक ओळही लिहिली नाही, त्याच्या वाट्यास काही श्रेय येते की नाही? हा प्रश्न दिसतो तितका गौण नाही. कारण श्रेयामागून जबाबदारीही येते.

सांगलीचेच उदाहरण घेऊ. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी पाहिले आणि तसेच, परंतु अधिक नेटके असे काही मराठीत करावे, अशी विष्णुदास भावे यांस आज्ञा केली. १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ रंगले. आपण नाव भाव्यांचे घेतो, आणि ते यथार्थच आहे. तथापि लोकांना जे मागावयाचे अद्याप सुचलेही नव्हते, ते आप्पासाहेबांनी मागितले. १८५१ साली ते निवर्तले, दरबारचा आश्रय तुटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव जावे लागले. मुंबईच्या प्रेक्षकाने पैसे मोजून त्यांचे खेळ पाहिले. ठिणगी आश्रयदात्याची, परंतु दिवा तेवत ठेवला तो प्रेक्षकांनी.

दुसरे उदाहरण सातारा जिल्ह्यातील औंधचे. तेथील अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः चित्रकार होते. महाभारताची सचित्र चिकित्सक आवृत्ती निघावी म्हणून त्यांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेस एक लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. १९१९ साली कार्यारंभ झाला. चित्रांचा आग्रह धरणाऱ्या या राजाने पाठनिर्णय मात्र डॉ. सुखटणकरादी पंडितांवर सोडला. काम पुरे झाले १९६६ साली. मागणारा ते पाहावयास राहिला नव्हता.

राजेरजवाडे गेले, त्यांचे आसन आता दूरचित्रवाणीच्या कार्यालयात आहे. ब्रिटनमध्ये १९८२ साली चॅनेल फोर ही वाहिनी निघाली, ती बहुतेक कार्यक्रम बाहेरच्या निर्मात्यांकडून करवून घेण्याच्या संकल्पाने. काय करवून घ्यावयाचे हे ठरविण्यास विषयवार संपादक नेमले गेले. कलाविभागाचे पहिले संपादक मायकेल कुस्टो रंगभूमीवरून आलेले होते. त्यांच्या कारकिर्दीत पीटर ब्रूक यांचे महाभारत पडद्यावर आणण्यास या वाहिनीने द्रव्य पुरविले. आपल्याकडेही मुंबई दूरदर्शनवर ‘प्रतिभा आणि प्रतिमा’सारखा कार्यक्रम घरोघर पोहोचला, तो अशाच कोणाच्या तरी होकारामुळे.

आता नीतीचा प्रश्न. हे द्रव्य संपादकाचे नसते. संस्थानिकाचेही, खरे पाहता, रयतेचेच होते. मग लोकांना रुचेल तेच द्यावे काय? तसे केल्यास तो केवळ आरसा ठरेल. स्वतःस रुचेल तेच द्यावे, तर ती अरेरावी होईल. शिवाय त्याच्या हाती एक भयंकर शक्ती असते, ती नकाराची. वाईट ग्रंथ लिहिणाऱ्यास वाचक शासन करतो. पण नाकारलेली कृती जन्मासच येत नाही. म्हणून नाकारणाऱ्याची चूक कधी सिद्धच होत नाही. महाविद्यालयाच्या वार्षिकाचे संपादन करीत असता एका विद्यार्थ्याची कविता मी ‘दुर्बोध’ म्हणून परत केली होती. त्याने पुन्हा काही आणून दिले नाही. ती कविता चांगली होती की नाही, हे मला आज सांगता येत नाही. आणि टोचणी आहे ती नेमकी याचीच.

तेव्हा मागणाऱ्याचा धर्म मला असा दिसतो: मागताना धाडस करावे, मागून झाल्यावर हात आखडावा, आणि नाकारताना आपली रुची म्हणजेच गुणाची कसोटी नव्हे, हे स्मरावे. आप्पासाहेबांकडून पहिले शिकावे, पंतप्रतिनिधींकडून दुसरे. तिसरे शिकविणारा कोणी नसतो. ज्यांना आपण परत पाठविले त्यांचे चेहरे आठवूनच ते शिकावे लागते.