वळविलेल्या वादळाचे उत्तरदायित्व

समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे २६.५ अंश सेल्सिअसच्या वर असले की चक्रीवादळास बळ मिळते. मग समुद्रच थंड केला तर? २०२२ साली मायामी विद्यापीठाच्या संशोधकांनी संगणकावर या कल्पनेची पारख केली. २,६०,००० चौरस किलोमीटर समुद्र २ अंशांनी थंड करूनही वादळाचा जोर अवघा १५ टक्के घटला. उपाय आज आवाक्याबाहेरचा आहे. तथापि उद्या तो साधला, तर खरा प्रश्न पुढेच उभा राहतो, असे आम्हांस वाटते.

ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी अटलांटिकवरील एका वादळात विमानातून कोरडा बर्फ टाकला. पुढे ते वादळ वळून सव्हाना शहराजवळ किनाऱ्यावर आदळले. वळण आधीच सुरू झाले होते, असे नंतर आढळले. तोवर लोकांनी शास्त्रज्ञांस दोषी ठरविले होते.

निसर्गाने घर पाडले, तर आपण शोक करतो. माणसाचा हात लागला, तर न्याय मागतो. एक शहर वाचविताना दुसरे गाव बुडाले, तर त्या गावाची संमती कोणी घेतली? वाचविणे शक्य असता स्वस्थ बसणाराही निर्दोष नव्हे, हेही आम्ही जाणतो.

परंतु कोणाचाही बळी न मागणारा मार्ग उपलब्ध आहे. १९७० च्या भोला वादळात आजच्या बांगलादेशात किमान ३ लाख माणसे दगावली. २००७ च्या ‘सिद्र’मध्ये काही हजार. समुद्र कोणी थंड केला नव्हता. पूर्वसूचना व निवारे वाढले होते. वादळास वळविण्याआधी माणसास आसरा देणे, हे आपले पहिले कर्तव्य होय.