औषध पालटावें कीं न पालटावें

आजारी मनुष्यास औषध द्यावें कीं नाहीं, याविषयीं सहसा वाद होत नाहीं. परंतु औषधानें ज्याचें अगदीं बरें नव्हे, तरी निभावतें आहे, त्याचें औषध पालटावें कीं नाहीं, हा प्रश्न निघाला म्हणजे शहाणींसुरतीं माणसें एकमेकांशीं भांडूं लागतात. दोन वर्षांपूर्वींच्या दिवाळींत अचलपुरास आमच्या चुलतभावाच्या घरीं असें एक भांडण आम्ही ऐकलें. ऐकलें असें म्हणण्यापेक्षां त्यांत आम्हीही तोंड घातलें. तेव्हां घेतलेली बाजू आज आम्हांस तितकीशी पटत नाहीं, म्हणून हा लेख.

आमच्या वहिनी शिक्षिका आहेत. सात वर्षांपूर्वीं त्यांच्या डाव्या डोळ्याची पापणी संध्याकाळीं मिटूं लागली. सकाळीं सर्व ठीक असे. दुपारनंतर फळ्यावर लिहितां लिहितां हात खालीं येई, आणि रात्रीं भाकरी चावतांना जबडा मध्येंच थकून थांबे. पुष्कळ दिवस सर्वांनीं त्यास अशक्तपणा म्हटलें, कांहींनीं आळसही म्हटलें. अखेर मायस्थेनिया ग्रेव्हिस असें निदान झालें. मज्जातंतूच्या टोकाकडून ॲसिटिलकोलीन नांवाचें द्रव्य स्नायूस हालचालीचा निरोप देतें. या विकारांत शरीराचें रक्षण करणारी सेनाच तो निरोप घेणाऱ्या जागांवर उलटते. निरोप निघतो, पण तो घेणारें दार मोडलेलें असतें. विश्रांतीनंतर थोडें बळ येतें, श्रमानें तें लगेच सरतें. क्वचित् श्वासाचे स्नायूही थकतात, आणि मग गोष्ट प्राणांवर येते. अमिताभ बच्चन यांस हा विकार झाला होता हें प्रसिद्ध आहे, आणि भेटीस येणारा प्रत्येक मनुष्य तें वहिनींस नव्यानें सांगतो.

या रोगाच्या उपचारांचा इतिहास मोठा मनोरम आहे. १९३४ सालीं लंडनांत ग्रिनिच येथील एका रुग्णालयांत मेरी वॉकर या डॉक्टरबाईंच्या ध्यानांत आलें कीं हा रोग क्युरारे नामक विषाच्या बाधेसारखा दिसतो. मग त्या विषावरचा उतारा येथें कां चालूं नये? त्यांनीं फायसोस्टिग्मीन टोंचलें आणि मिटलेली पापणी थोड्या वेळांत उघडली. त्याच जातीचें पिरिडोस्टिग्मीन आजही दिलें जातें. त्याचा गुण तासांत येतो आणि तासांतच जातो. प्रेडनिसोलोनचा गुण आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं दिसतो, आणि आरंभीं कांहीं रोग्यांचा अशक्तपणा त्यानें उलट वाढतो. ॲझाथायोप्रीनचा गुण दिसावयास एक वर्ष, कधीं त्याहून अधिक लागतें. एकाच देहांत अशीं तीन निरनिराळीं घड्याळें चालू असतात, आणि रोग तर स्वतःच सकाळ-संध्याकाळ पालटतो. मग आज बरें वाटलें तें कशानें, हें रोग्यानें ओळखावें कसें?

वहिनींचें प्रेडनिसोलोनवर बरें चाललें होतें. त्या शाळेंत जात, स्वयंपाक करीत. मात्र चेहरा सुजला होता, रक्तांतील साखर वाढली होती, आणि हाडें ठिसूळ होऊं लागल्याचें तपासणींत दिसत होतें. अमरावतीच्या नव्या डॉक्टरांनीं सुचविलें कीं ॲझाथायोप्रीन सुरू करावें आणि तें लागू पडूं लागलें म्हणजे पहिलें औषध हळूहळू उतरवावें. घरांत दोन तट पडले. मुलगा पुण्याहून २०२१ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेल्या एका नव्या औषधाच्या गोष्टी सांगत होता. शेजारच्या आजी म्हणाल्या, "जे सुरू आहे ते सुरू राहू द्या ना बाप्पा!" आमचे बंधूही याच मताचे, आणि आम्ही त्यांस दुजोरा दिला. हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागूं नये, हें आम्ही मोठ्या गांभीर्यानें सांगितलें.

आमच्या त्या सल्ल्यांत काय चुकलें, तें पुढें ध्यानांत आलें. औषध पालटल्यावर अपाय झाला तर तो पालटणाऱ्याच्या माथीं येतो. न पालटल्यानें अपाय झाला तर तो दैवाच्या माथीं जातो. पापणी पुन्हां मिटली असती तर बंधूंनीं डॉक्टरांस दोष दिला असता, स्वतःसही दिला असता. हाडें झिजत होतीं त्याचा दोष कोणीच कोणास देत नव्हतें. म्हणजे आम्ही जिला सावधगिरी समजत होतों ती पुष्कळ अंशीं दोष टाळण्याची युक्ति होती, आणि तिची किंमत भरीत होत्या वहिनी. रोज सकाळीं तीच गोळी घेणें हाही एक निर्णयच आहे. तो रोजचा झाल्यानें निर्णय वाटेनासा होतो, एवढेंच.

अचलपूरच्या माणसास याचें एक उदाहरण घरचेंच आहे. जवळच कोठाऱ्यास कुष्ठरोग्यांचें जुनें रुग्णालय आहे, आणि अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ सालीं स्थापिलेलें तपोवन आहे. कुष्ठरोग्यांनीं डॅप्सोनच्या गोळ्या वर्षानुवर्षें घेतल्या. पुढें जंतू त्या एका औषधास दाद देईनात, तेव्हां १९८२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधें एकत्र व ठराविक मुदतीनें देण्याचा सल्ला दिला. जुन्या गोळीवर श्रद्धा ठेवून सर्वजण बसले असते तर काय झालें असतें? अर्थात् तेथें शत्रु बाहेरचा होता आणि त्यास घालवितां येत होतें. वहिनींच्या रोगांत शत्रु म्हणजे स्वतःचाच देह. त्याशीं तह करावयाचा, आणि तहाचीं कलमें पुनःपुन्हां तपासावीं लागतात.

उलट बाजूही खरी आहे. दर दोन महिन्यांनीं वैद्य आणि औषध पालटणारा रोगी कोणत्याच औषधास न्याय देत नाहीं. २००८ सालीं मायकोफेनोलेट या औषधाच्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या, एक बारा आठवड्यांची व दुसरी छत्तीस आठवड्यांची. दोहोंतही त्याचा विशेष लाभ दिसला नाहीं. तथापि पुष्कळ डॉक्टर तें अजून देतात, कारण त्यांच्या मतें चाचणीची मुदतच या औषधास अपुरी होती. हें समर्थन खरें असेल, किंवा आवडत्या औषधाचा कैवारही असेल. थांबण्यास मर्यादा नसली तर कोणतेंही औषध कधींच खोटें ठरावयाचें नाहीं. म्हणून धीर धरावयाचा तो तारीख घालून धरावा: अमुक महिन्यांनीं अमुक गोष्ट सुधारली नाहीं तर पुन्हां विचार करावयाचा, आणि हें ठरवावयाचें तें औषध सुरू करण्यापूर्वीं, मन निवांत असतांना.

राहिला प्रश्न, ठरवावें कोणीं? बंधू म्हणत, रात्रीं श्वास अडला तर पन्नास किलोमीटर अमरावतीस मलाच न्यावें लागणार. हें अगदीं खरें. जो भार वाहणार त्याचें म्हणणें ऐकलें पाहिजे, पण तें त्याच्या भारापुरतें. त्या सगळ्या वादांत वहिनी गप्प होत्या. दुसऱ्या दिवशीं चहा देतांना त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही सगळे माझ्या ताकदीविषयीं बोलतां. या गोळीनें मी मुलांवर ओरडते, रात्र रात्र जागी असते. मला माझा स्वभाव परत पाहिजे. थोडी ताकद गेली तरी चालेल." आम्हां शहाण्यांपैकीं एकानेंही त्यांस विचारलें नव्हतें कीं तुम्हांस या औषधापासून काय हवें आहे. पापणी उघडी राहिली म्हणजे बाई बरी, असें आम्हीच ठरवून टाकलें होतें.

पुढें औषध पालटलें. ॲझाथायोप्रीननें दुसऱ्याच आठवड्यांत ताप व ओकाऱ्या सुरू झाल्या. असें कांहीं रोग्यांस होतेंच. तें बंद करावें लागलें. बंधूंनीं "मी सांगत होतों" हें वाक्य किती वेळां उच्चारलें याची गणती आम्ही ठेविली नाहीं. मग दुसरें औषध, वरचेवर रक्ताच्या तपासण्या, आणि प्रेडनिसोलोन अडीच अडीच मिलिग्रॅमनें खालीं. वहिनींनीं एक वही केली आहे. रोज संध्याकाळीं एका श्वासांत किती अंक मोजतां येतात आणि फळ्यावर किती ओळी लिहून झाल्यावर हात खालीं आला, तें त्या तींत मांडतात. गेल्या महिन्यांत आम्ही ती वही पाहिली. पूर्वीं चौतीस अंक होत, आतां एकतीस होतात. डावी पापणी संध्याकाळीं पुन्हां किंचित् खालीं येते. स्वभावाचें काय, असें आम्ही बंधूंस हळूच विचारलें. ते म्हणाले, "ओरडते पूर्वींसारखीच, पण आतां झोपते." वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या चैत्रांतली एक तारीख लिहून तिच्याभोंवतीं वहिनींनीं तांबड्या शाईनें गोल केलेला आहे.