छातीच्या मधोमध कोण राहते

दोन फुप्फुसांच्या मध्ये, समोरची उरोस्थी आणि मागचा कणा यांच्या दरम्यान जी जागा आहे तिला शरीररचनाशास्त्रात मीडियास्टायनम म्हणतात. पुस्तके तिला अवकाश म्हणत असली तरी रिकामे असे तिच्यात काही नाही. हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या, श्वासनाल, अन्ननलिका, मज्जातंतू आणि लसीकाग्रंथी तिथे दाटीवाटीने बसलेल्या आहेत आणि उरलेल्या फटी चरबी व सैल ऊतकाने भरल्या आहेत. वरच्या बाजूला ही जागा मानेत उघडते, खाली मध्यपटलावर संपते. मीडियास्टायनमशी मिळताजुळता शब्द जुन्या लॅटिनमध्ये घरातल्या हलक्यासलक्या कामाच्या गड्यासाठी वापरत. तरीही अनेक जुन्या परंपरांनी जीव, मन किंवा आत्मा यांचा मुक्काम सांगितला तो याच जागेत. तो मुक्काम कोणत्या अर्थाने तिथे आहे, आणि छाती उघडून पाहिल्याने त्या प्रश्नाचा निकाल लागतो का, हा वाद निदान 2300 वर्षे चालू आहे.

गळ्याच्या खाली, उरोस्थीच्या वरच्या कडेला एक खाच हाताला लागते. तिथून बोट साधारण 5 सेंटिमीटर खाली सरकवले की हाडावर एक आडवा उंचवटा जाणवतो. उरोस्थीचे वरचे आणि मधले असे दोन भाग तिथे जुळतात आणि दुसरी बरगडीही तिथेच येऊन मिळते. या उंचवट्यातून सरळ मागे प्रतल कल्पिले तर ते छातीच्या चौथ्या मणक्याच्या खालच्या कडेला टेकते. मीडियास्टायनमचे वरचा आणि खालचा असे दोन भाग हे प्रतल करते. महारोहिणीची कमान याच पातळीवर सुरू होते आणि मागे वळून याच पातळीवर संपते. श्वासनालही इथेच दुभंगते.

वरच्या भागात मान आहे तो या कमानीचा. तिच्यापासून तीन फांद्या निघतात. पहिली उजव्या हाताला आणि डोक्याच्या उजव्या बाजूला रक्त देते, दुसरी डोक्याच्या डाव्या बाजूला, तिसरी डाव्या हाताला. कमानीच्या पुढे नीला आहेत. डावीकडची मोठी नीला तिरकी आडवी येऊन उजवीला मिळते आणि दोन्हींची मिळून ऊर्ध्व महानीला होते. या सगळ्यांच्या पुढे, उरोस्थीला चिकटून थायमस ग्रंथी असते. लहान मुलात ती चांगली ठळक दिसते, वय वाढेल तशी तिची चरबी होत जाते.

खालच्या भागाचे तीन कप्पे करतात. पुढच्या कप्प्यात फारसे काही नाही. मधल्यात परिहृदाच्या पिशवीत हृदय आहे. या पिशवीचा बाहेरचा चिवट थर खाली मध्यपटलाशी एकजीव झालेला असतो, म्हणून खोल श्वास घेतला की हृदयही खाली सरकते. पिशवीच्या दोन्ही अंगांनी एकेक फ्रेनिक मज्जातंतू उतरतो. मागच्या कप्प्यात उतरती महारोहिणी, अन्ननलिका, ॲझायगस नीला आणि वक्षवाहिनी आहेत. जेवणातली चरबी आतड्यातून उचलून दुधासारख्या लसीकेच्या रूपाने वर नेणे आणि मानेच्या डाव्या मुळाशी रक्तात सोडणे हे वक्षवाहिनीचे काम. मध्यपटल ओलांडायला तीन मुख्य वाटा आहेत: अधर महानीला आठव्या मणक्याच्या पातळीवर, अन्ननलिका दहाव्याच्या आणि महारोहिणी बाराव्याच्या.

फ्रेनिक मज्जातंतू हलवतो मध्यपटल, पण निघतो मानेतून, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या ग्रैव तंतूंपासून. गर्भावस्थेत मध्यपटलाचा एक भाग मानेजवळ तयार होतो आणि नंतर खाली उतरतो. उतरताना आपला मज्जातंतू सोबत ओढत आणतो. यकृताखाली किंवा मध्यपटलालगत दाह झाला की रुग्ण खांदा दुखतो म्हणतो, तो यामुळे. ‘फ्रेन’ या ग्रीक शब्दाचे दोन अर्थ होते, मध्यपटल आणि मन. ज्या समाजाने विचाराची जागा बरगड्यांच्या आत मानली, त्याचा तो विश्वास या मज्जातंतूच्या नावात अजून शिल्लक आहे.

ग्रीकांमध्ये याबाबत एकमत मात्र नव्हते. हिपॉक्रेटिसच्या नावावरच्या, अपस्माराविषयीच्या एका ग्रंथात विचार, सुख आणि दुःख यांचे उगमस्थान मेंदू असे बजावून सांगितले आहे. ॲरिस्टॉटलने ते मानले नाही. कोंबडीच्या अंड्यात सर्वांत आधी हलताना दिसतो तो हृदयाचा लाल ठिपका, हे त्याने पाहिले होते. संवेदनेचे मूळ हृदयात, आणि मेंदूचे काम हृदयाची उष्णता कमी करण्याचे, असे त्याचे मत होते. स्टोइक पंथाने पुढे यासाठी एक युक्तिवाद रचला. आवाज घशातून येतो, म्हणजे छातीतून येतो. अर्थपूर्ण बोलणे जिथून येते तिथेच बुद्धी असणार. म्हणून बुद्धी छातीत. त्याच पंथातल्या ख्रिसिपसने त्याला आणखी एक पुरावा जोडला. ‘मी’ या अर्थाचा ग्रीक शब्द उच्चारताना हनुवटी आणि खालचा ओठ छातीकडे झुकतो, असे तो म्हणे. पुरावा हास्यास्पद आहे खरा, पण ‘मी’ म्हणताना माणसाचा हात कपाळाकडे जात नाही, छातीकडे जातो, हे निरीक्षण खोटे नाही.

हा वाद ज्या मज्जातंतूवर येऊन अडला तो मीडियास्टायनममध्येच आहे. व्हेगस मज्जातंतू कवटीतून निघून मानेतून छातीत उतरतो. डावा व्हेगस महारोहिणीच्या कमानीवरून जाताना एक फांदी सोडतो. ती कमानीच्या खालून, फुप्फुस रोहिणीला कमानीशी जोडणाऱ्या एका बारीक बंधाच्या मागून वळसा घेते आणि श्वासनाल व अन्ननलिका यांच्या मधल्या खोबणीतून परत वर, स्वरयंत्रापर्यंत जाते. उजव्या बाजूची फांदी इतकी खाली येत नाही. मानेच्या मुळाशी हाताच्या रोहिणीला वळसा घालून ती परतते. शवविच्छेदनाच्या टेबलावर विद्यार्थ्याने हा बंध चिमट्यात धरून हलकेच वर उचलला की त्याला खेटून वळलेला हा पांढरट दोरा दिसतो.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेन या वैद्याने रोममध्ये लोकांसमोर, ओरडणाऱ्या डुकराच्या मानेतल्या या दोन फांद्या निकामी करून दाखवल्या. डुक्कर धडपडत राहिले, श्वासही घेत राहिले. आवाज तेवढा बंद झाला. बोलणे छातीतून येते हे खरे, पण त्याचा हुकूम डोक्यातून निघतो, छातीपर्यंत येतो आणि परत वर जातो, हे त्याने दाखवले. स्टोइकांचा युक्तिवाद तिथेच कोसळला.

या वळशात गॅलेनला निसर्गाची योजकता दिसली. आजचे जीवशास्त्र त्याच वळशाचा उलटा अर्थ लावते. गर्भात हृदय मानेजवळ तयार होते तेव्हा हा तंतू सरळच असतो. हृदय छातीत उतरते आणि कमानीत अडकलेला तंतू लांबत जातो. जिराफात तो काही मीटर लांब असतो. कुणी आधी आराखडा काढला असता तर असा द्राविडी प्राणायाम झाला नसता. एकच वळसा एकाला ईश्वरी कारागिरीचा दाखला वाटतो आणि दुसऱ्याला तिच्या अभावाचा, यावरून शरीराकडून अशा प्रश्नांची उत्तरे काढताना किती जपावे लागते ते कळते. डॉक्टरांच्या दृष्टीने त्याचा उपयोग साधा आहे. आवाज बसला आणि घशात काही सापडले नाही, तर छातीचा फोटो काढतात. झडप आकसून हृदयाचा डावा कर्णिका-कप्पा फुगला तरी हा तंतू दाबला जाऊन आवाज घोगरा होऊ शकतो. नॉर्बर्ट ऑर्टनरने 1897 मध्ये त्याची नोंद केली.

डुकराच्या प्रयोगाने आवाजाचे मूळ ठरले, ‘मी’चे नाही. आत्म्याचे द्रव्य काय आणि तो अमर आहे की नाही, हे आपल्याला माहीत नाही, अशी कबुली गॅलेनने पुन्हा पुन्हा दिली आहे. या प्रयोगाचा दाखला देणाऱ्यांना तिचा सहसा विसर पडतो.

भारतात वैद्यकाचे आणि वेदान्ताचे उत्तर वेगवेगळे वाचावे लागते. चरकसंहितेत सूत्रस्थानाचा तिसावा अध्याय हृदयातून निघणाऱ्या दहा मोठ्या वाहिन्यांवर आहे. सहा अंगांचे शरीर, विज्ञान, इंद्रिये, त्यांचे विषय, आत्मा आणि चित्त हे सगळे हृदयाच्या आधाराने आहेत, असे तिथे सांगितले आहे. त्यासाठी घेतलेली उपमा छपराची आहे: सगळे वासे जसे आढ्याशी येऊन टेकतात तसे. वासे आढ्यात राहत नाहीत, आढ्यावर टेकतात, हा फरक चरकाच्या भाष्यात हरवू देता कामा नये. हृदयाला इजा झाली की मूर्च्छा आणि ते फुटले की मरण, असेही चरक म्हणतो, आणि तेवढ्यापुरते तो अक्षरशः बरोबर आहे: ठोके थांबले की काही सेकंदांत शुद्ध हरपते.

सुश्रुताचे हृदय खाली तोंड केलेल्या कमळासारखे आहे. जागेपणी ते उमलते, झोपेत मिटते. भेलसंहितेत मन डोके आणि टाळू यांच्या मध्ये सांगितले आहे आणि चित्त हृदयात. बौद्धांतही असाच पेच दिसतो. ‘पट्ठान’ या अभिधम्म ग्रंथात मन ज्या रूपाच्या आधाराने राहते त्याला हृदय असे नाव दिलेलेच नाही. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’मध्ये ते हृदयात नेऊन बसवलेले आढळते. मराठीने तर अवयवांचीच गल्लत केली. खाटकाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत. पण ठोका चुकतो तो काळजाचा, आणि पाणी होते तेही काळजाचेच.

सुश्रुतानेच शारीरस्थानात मृतदेह तपासण्याची रीत दिली आहे. देह मुंजासारख्या गवताने गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून आडबाजूच्या वाहत्या पाण्यात मुरवायचा. सात रात्रींनंतर वाळा, केस, बांबू यांच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर उलगडून पाहायचा. प्रत्यक्ष आणि शास्त्र, दोन्हींची जोड असेल तरच ज्ञान वाढते, असे तो म्हणतो. पण त्याच ठिकाणी तो हेही सांगतो की देहातला अतिसूक्ष्म विभू डोळ्यांनी दिसणार नाही. त्याला ज्ञानाचा आणि तपाचा डोळा लागतो. प्रेताची कातडी सोलायला शिकवणाऱ्याच माणसाने हे लिहिले असल्यामुळे त्याला पळवाट म्हणता येत नाही. कुंच्याने काय सापडेल आणि काय सापडणार नाही, याची हद्द तो आखतो आहे.

वेदान्ताने ही हद्द आणखी काटेकोर केली. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात देहाला ब्रह्मपुर म्हटले आहे. त्यात कमळाचे लहानसे घर आणि त्या घरात लहानसे आकाश, तो दहर. बाहेरचे आकाश जेवढे तेवढेच हे आतले. पृथ्वी, सूर्य, चंद्र, नक्षत्रे सगळी त्यात. मग तिथेच शंका येते: देह म्हातारा होतो, पडतो, तेव्हा या घरातले काय उरते? देहाच्या जरेने ते जीर्ण होत नाही, असे उत्तर आहे. हा दहर म्हणजे भौतिक पोकळी, जीव की ब्रह्म, याची चर्चा ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात आहे. सूत्रांचा आणि शंकराचार्यांचा कौल ब्रह्माच्या बाजूने आहे. कठोपनिषदातल्या अंगठ्याएवढ्या पुरुषाचीही तिथेच वासलात लावली आहे: माप पुरुषाचे नाही, हृदयाच्या अपेक्षेने सांगितलेले आहे, कारण शास्त्र माणसासाठी आहे. सर्वव्यापी वस्तू एका जागी कशी, तर शाळिग्रामात जसा विष्णू ध्यायचा तशी. हृदय हे ध्यानाचे ठिकाण आहे. कोंडून ठेवण्याची कोठडी नाही.

त्यामुळे उपनिषदात सांगितलेल्या, हृदयातून निघणाऱ्या 101 नाड्या महारोहिणीच्या फांद्यांशी जुळवू पाहणारे, आणि त्या जुळत नाहीत म्हणून उपनिषद मोडीत काढणारे, दोघेही एकाच चुकीचे वाटेकरी आहेत. चरकाचे विधान मात्र शरीराविषयीचे आहे आणि ते तपासता येते. त्यातला मनाविषयीचा भाग मेंदूच्या बाजूने निकालात निघाला आहे. तो वाचवण्यासाठी चरकाच्या ‘हृदय’ शब्दाचा अर्थच मेंदू करणे हा ग्रंथावर अन्याय आहे.

‘मी’ हृदयात राहतो का, हा प्रश्न प्रयोगाच्या टेबलावर आला तो 3 डिसेंबर 1967 रोजी. केपटाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवले. रुग्ण 18 दिवस जगला. फेब्रुवारी 1968 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तोच प्रयत्न केला. रुग्ण काही तासांतच दगावला. पुढे अशा शस्त्रक्रिया रुळल्या, आणि शुद्धीवर येणारा रुग्ण आपले नाव, आपली माणसे, आपली भांडणे विसरलेला नसतो. चरकाच्या अर्थाने आढे बदलले आणि वासे जागेवर राहिले. छांदोग्याला यात अडचण नाही. दहर घराबरोबर जीर्ण होत नाही, हे त्याने आधीच सांगितले होते.

अवघड प्रश्न हृदय देणाऱ्याच्या बाजूला आहे. भारतात 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू हा मृत्यू मानला. चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. त्यात शेवटी श्वासयंत्राचा आधार काढून छाती हलते का ते पाहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, पण मस्तिष्कस्तंभाकडून हुकूम येत नाही. फ्रेनिक तंतू शाबूत असूनही मध्यपटल निश्चल राहते. त्याच वेळी त्याच्यावरच्या पिशवीत हृदय धडधडत असते आणि देहाला ऊब असते. उशाशी बसलेल्या आईला ‘जीव गेला’ हे पटत नाही, ते अडाणीपणामुळे नव्हे. जीव कुठे असतो याची जी खूण तिच्या भाषेने तिला दिली, ती खूण अजून हलते आहे.

नव्या छातीत बसवलेल्या हृदयाला व्हेगस जोडता येत नाही. लय सांभाळणारी गाठ त्याची स्वतःची असते, म्हणून ते चालते. पण व्हेगसचा लगाम सुटल्यामुळे विश्रांतीतही मिनिटाला 90 ते 110 ठोके पडतात. धसका बसला की ते ताबडतोब उसळत नाही. ॲड्रेनलिन रक्तातून येऊन पोचेपर्यंत त्याला वेळ लागतो, आणि माणूस दचकून गेल्यानंतर त्याची छाती धडधडू लागते.