मातीचे ऋण



गेल्या पावसाळ्यापूर्वी आपल्या धर्मग्रामातील एका वयस्कर शेतकऱ्याला मी बायोचारविषयी सांगत होतो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “फादर, मुले कॅनडात. वाडी करायला ती काही परत यायची नाहीत. मग माती सुधारायची कुणासाठी?” तेव्हा मला उत्तर सुचले नाही.

झावळ्या, पालापाचोळा आपण उघड्यावर जाळतो. धूर होतो आणि मूठभर राख उरते. तेच हवा अगदी कमी देऊन तापवले की कोळसा होतो. मातीत मिसळायचा असा कोळसा म्हणजे बायोचार. ते खत नव्हे. त्याच्या असंख्य छिद्रांत पाणी आणि अन्नद्रव्ये टिकून राहतात. कोरडाच टाकला तर सुरुवातीला मातीतले नत्र तोच धरून बसतो. म्हणून आधी शेणात किंवा कंपोस्टमध्ये मुरवावा लागतो. आणि तो टाकाऊ काडीकचऱ्याचाच करावा. त्यासाठी उभे झाड तोडणे म्हणजे एकाचे चोरून दुसऱ्याला दान करणे.

अॅमेझॉनच्या खोऱ्यातील जमीन मूळची निकस. तरी तिथे ठिकठिकाणी काळ्या सुपीक मातीचे पट्टे आहेत, काही दोन हजार वर्षांहून जुने. तिथल्या रहिवाशांच्या चुलीतला कोळसा, माशांची हाडे, खापरे, केरकचरा यांतून ती माती घडली. डॉमिनिकन धर्मगुरू गास्पार दे कार्व्हाहाल यांनी १५४२ मध्ये त्या नदीतून प्रवास केला आणि काठावर दाट वस्ती पाहिल्याचे लिहून ठेवले. पुढे युरोपियनांबरोबर आलेल्या साथींत त्यांतील बहुतेक लोक मेले. माणसे गेली, माती राहिली. आज तिच्यात दुसऱ्यांची पिके उभी आहेत.

ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. मग जो जन्मलाच नाही, त्याचे आपण काय देणे लागतो? तेच संत सांगतात की काही ऋणे पूर्ण फेडताच येत नाहीत: देवाचे आणि आईवडिलांचे. मला वाटते, मातीचे ऋणही त्यांतलेच. ज्यांनी ती आपल्यासाठी राखली ते केव्हाच कबरीत विसावले. त्यांना परत काही देता येत नाही. पुढच्याला मात्र देता येते. तो पुढचा आपलाच मुलगा असेल असे नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पुढील पिढ्यांचा विचार हा दयेचा नव्हे, न्यायाचा प्रश्न मानला, तो यासाठीच.

प्रभूच्या दाखल्यातला माळी आठवा. वांझ अंजिराभोवती खणून खत घालण्यासाठी तो धन्याकडे आणखी एक वर्ष मागतो. झाड त्याचे नव्हते, फळही त्याला मिळणार नव्हते.

त्या काकांना मी आता एवढेच सांगेन: कुणासाठी ते देवाला ठाऊक आहे. आपण आपल्या वाट्याचे खणूया.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू